रस्ता-पुलाच्या कामातला ‘कन्सल्टंट’ म्हणजे कोण? तो काय करतो, आणि गावाने त्याला काय सांगायचं?

अलिबाग : गावात एक दिवस अनोळखी गाडी येते. दोन-तीन तरुण उतरतात, तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावतात, मोरीच्या कठड्यावर लाल रंगाने आकडे लिहितात आणि संध्याकाळपर्यंत निघून जातात. कोणी विचारलं तर उत्तर एकच, “सर्व्हे चाललाय.” आपण समजतो, बांधकाम खात्याची माणसं असतील. पण बऱ्याच वेळा ती खात्याची नसतात. खात्याने नेमलेल्या सल्लागार कंपनीची, म्हणजे आपण ज्याला ‘कन्सल्टंट’ म्हणतो त्याची माणसं असतात.

पुढची पन्नास वर्षं पुराचं पाणी आपल्या घरात शिरणार की पुलाखालून जाणार, हे ठरायला त्या दिवसापासून सुरुवात होते. आपल्या किनाऱ्यावर रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत मोठ्या पुलांची कामं येऊ घातली आहेत. म्हणून या कामात कोणाची जबाबदारी काय आणि गावाने कधी बोलायचं, याची ही माहिती. मोबाईलमध्ये जपून ठेवा, उपयोगी पडेल.

आधी बघा, रस्ता कोणाचा?

तक्रार चुकीच्या दारात गेली की महिने फुकट जातात. रायगडात साधारण अशी विभागणी आहे :

- गावरस्ते, छोटे साकव, इतर जिल्हा मार्ग : जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.
- प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते : महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था.
- राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग, ज्याला आपण पीडब्ल्यूडी म्हणतो.
- मुंबई–गोवा महामार्ग : पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरचा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूरच्या पुढचं चौपदरीकरण सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे.
- रेवस–रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यावरचे मोठे खाडीपूल : महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी.
- अटल सेतू : मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए.

या प्रत्येक संस्थेकडे स्वतःचे अभियंते आहेत. पण मोठ्या पुलाला नदीचा अभ्यास, जमिनीखालचा खडक, भूकंपाचा हिशोब, पर्यावरणाची परवानगी, वाहतुकीची मोजणी अशी दहा प्रकारची तज्ज्ञ माणसं लागतात. ती सगळी एका कार्यालयात कायमची ठेवता येत नाहीत. म्हणून निविदा काढून सल्लागार नेमला जातो.

सल्लागार एक नसतो, तीन असतात

इथेच लोकांचा गोंधळ होतो. एकाच पुलावर तीन वेगवेगळे सल्लागार असू शकतात आणि तिघांचं काम वेगळं असतं.

पहिला, डीपीआर करणारा. डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. रस्ता कुठून जाणार, पूल किती उंच, किती लांब, मोऱ्या किती आणि कुठे, कोणाची किती जमीन जाणार, खर्च किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पुढची निविदा या अहवालावरच निघते. दुर्बीण घेऊन येतात ती याचीच माणसं.

दुसरा, काम चालू असताना देखरेख करणारा. ठेकेदार आणि सरकार यांच्यामध्ये हा उभा असतो. राष्ट्रीय महामार्गावर ठेकेदाराने पैसा घालून बांधायचं काम असेल तर त्याला ‘स्वतंत्र अभियंता’ म्हणतात. सरकारच्या पैशातून थेट काम असेल तर ‘प्राधिकरणाचा अभियंता’ म्हणतात. काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत फोडून बघणं, सळई ड्रॉईंगप्रमाणे बांधली का ते पाहणं, मोजमाप घेणं, आणि बिल द्यायला हरकत नाही असं लिहून देणं, हे त्याचं काम.

तिसरा, पहिल्याचं गणित तपासणारा. मोठ्या पुलाचं डिझाईन दुसऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून किंवा आयआयटीसारख्या संस्थेकडून तपासून घेतात. जुन्या पुलाची तब्येत तपासायची असली तरी असाच बाहेरचा तज्ज्ञ बोलावतात. त्याला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात.

या तिघांच्याही वर खात्याचा कार्यकारी अभियंता असतो. सल्लागार सल्ला देतो. तो मान्य करायचा की नाही, काम थांबवायचं की नाही, पूल वाहतुकीला बंद करायचा की नाही, याचा निर्णय खात्याचा. “ते कन्सल्टंटने केलंय, आम्हाला माहीत नाही” असं उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका. सल्लागाराला नेमलं खात्याने, पैसे दिले खात्याने, आणि त्याच्या अहवालावर सही केली तीही खात्यानेच.

सावित्रीच्या पुलाने शिकवलेलं

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र रायगडात कोणी विसरलेलं नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं प्रवाशांसह नदीत गेली. तो पूल १९२८ सालचा, ब्रिटिश काळातला. शेजारीच नंतर बांधलेला पूल होता, तो टिकला. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला.

त्या वर्षीच्या मे महिन्यातच पुलाची पाहणी झाली होती आणि धोका दिसला नव्हता, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. म्हणजे पाहणी झाली होती, कागद होता, तरी पूल गेला. हे कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे.

पाहणीला माणूस वरून चालतो, कठडा बघतो, कमानीला तडा आहे का बघतो, दगडात उगवलेली झाडं बघतो. पण पूल बहुतेक वेळा वरून पडत नाही, खालून पडतो. पुराच्या पाण्याला जोर आला की खांबाभोवती भोवरा तयार होतो आणि पायाखालची माती-वाळू खरवडून निघते. भर समुद्रात लाटेत उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते, तसंच. पूर ओसरला की तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो आणि उन्हाळ्यात बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ५ एप्रिल १९८७ ला स्कोहारी नदीवरचा महामार्गाचा पूल पुरात पडला, १० माणसं गेली. खांबाखालची जमीन पाण्याने पोखरली होती. पुलाची तपासणी होत होती, पण पाण्याखाली उतरून पाया कोणी बघितला नव्हता. त्यानंतर तिथे पाण्यातल्या पायांची तपासणी सक्तीची झाली.

म्हणून आपल्या भागातल्या जुन्या पुलाचं ऑडिट झालं असं कळलं, तर विचारायचा पहिला प्रश्न हा : पाण्याखालचा पाया तपासला का? कसा आणि कधी?

सावित्रीवरचा नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. खातं, डिझाईन करणारे आणि बांधणारे एका दिशेने चालले तर पावसाळ्याआधी पूल होऊ शकतो, हे आपल्याच जिल्ह्याने बघितलं.

त्यानंतरही धोका संपला नाही. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा जुना पूल मुसळधार पावसात कोसळला, एका दुचाकीस्वाराचा जीव गेला आणि अलिबाग–मुरूड रस्ता तुटला. पूल लहान होता, पण मुरूडकरांचा रोजचा मार्ग तोच होता. मोठ्या पुलांची चर्चा होते, छोट्या पुलांची आणि मोऱ्यांची होत नाही.

अहवाल आला, पुढे काय झालं?

सल्लागाराने धोका सांगितला आणि अहवाल फाईलमध्ये राहिला, असंही होतं. इटलीत जेनोआ शहरातला मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला कोसळला, ४३ जण मरण पावले. आदल्याच वर्षी मिलानच्या तांत्रिक विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी, पूल चालवणाऱ्या कंपनीसाठी केलेल्या अभ्यासात, पुलाला तोलून धरणाऱ्या काही केबल वेगळ्या वागत असल्याचं नोंदवलं होतं. पूल तरीही चालूच होता.

सल्लागाराचा अहवाल म्हणजे डॉक्टरचा रिपोर्ट. रिपोर्ट काढून औषध घेतलं नाही तर रिपोर्टचा उपयोग काय? म्हणून ऑडिट झालं का, एवढं विचारून थांबू नका. ऑडिटमध्ये काय करायला सांगितलं आणि त्यातलं काय झालं, हे विचारा.

अटल सेतू : मोठं काम कसं चालतं

१२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू शिवडीहून समुद्र ओलांडून आपल्या जिल्ह्यात, न्हावा शेवा–चिर्ले भागात उतरतो. लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. कामाला जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज होतं.

मालक संस्था एमएमआरडीए. बांधकाम वेगवेगळ्या भागांत वाटून वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलेलं. आणि सगळ्यांवर देखरेख व समन्वयासाठी चार कंपन्यांचा मिळून एक सल्लागार गट : एईकॉम, पॅडेको, दार अल-हंदासा आणि टी. वाय. लिन. एका ठेकेदाराचा भाग संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. दोघांची उंची, जोड, वेळापत्रक जुळलं पाहिजे, आणि ते जुळवायचं काम या गटाचं.

जिथून जहाजं जातात आणि समुद्रतळाशी वाहिन्या आहेत, तिथे खांब घालता येत नाहीत. म्हणून काही ठिकाणी १८० मीटरपर्यंत लांबीचे पोलादी गाळे बसवले. पुलाचा आकार नुसता कागदावर ठरत नाही. पाण्याचा वापर कोण करतं, यावरही ठरतो. उरण–पनवेल भागातल्या मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्नही या पुलात आला. भर समुद्रात खांब आला की तिथे कोणाचं तरी जाळं लागत असतंच.

आता आपल्या खाड्यांची पाळी

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न जुनं, बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनचं. त्यात धरमतर खाडीवर रेवस–कारंजा, कुंडलिकेवर रेवदंडा–साळाव, राजपुरी खाडीवर आगरदांडा–दिघी, आणि रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवर बाणकोटची खाडी, असे मोठे पूल येतात. बाणकोटच्या खाडीवरचं आधीचं काम अर्धवट राहिल्याने उभे राहिलेले खांब लोकांनी वर्षानुवर्षं बघितले आहेत. आजही फेरीबोट किंवा लाँच चुकली की लांबचा फेरा पडतो, म्हणून पूल सगळ्यांनाच हवा आहे. पण तो कसा हवा, हे सांगायची वेळ सर्व्हेच्या टप्प्यावर असते. खाडीकाठच्या माणसाला चार गोष्टी बाहेरच्या अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असतात :

१. पाणी कुठवर येतं. मोठ्या पुलाची उंची ठरवताना साधारण शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरतात. पण छोट्या ओढ्यांवर पाणी मोजायचं यंत्र नसतं. तिथे सर्व्हेवाला गावात विचारतो, “पाणी कुठपर्यंत आलं होतं?” जुलै २०२१ च्या पुरात देवळाच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं, हे गावालाच माहीत. भिंतीवर खूण असेल तर दाखवा. फोटो असेल तर द्या.

२. उधाणाची भरती. नुसता पाऊस पडला तर पाणी समुद्रात जातं. उधाणाची भरती आणि पाऊस एका वेळी आले की नदीचं पाणी मागे फिरतं. महाडला हे अनेकदा अनुभवलंय. भांगाच्या दिवशी सर्व्हे केला आणि उधाण बघितलंच नाही, तर मोऱ्या कमी पडणार.

३. खारी हवा. खाऱ्या हवेत आणि पाण्यात सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून किनाऱ्यावर सळईवर काँक्रीटचं कवच जाड लागतं आणि पाणीही गोडंच लागतं. खाडीचं पाणी किंवा खाडीची न धुतलेली वाळू काँक्रीटला वापरताना दिसली तर लगेच कळवा. अशी चूक दहा-पंधरा वर्षांनी बाहेर पडते आणि तेव्हा ठेकेदार गेलेला असतो.

४. होड्यांची वाट आणि खाजण. कुठल्या वाटेने होड्या बाहेर पडतात, कुठे जाळी लागतात, खारबंदिस्तीची उघाडी कुठे आहे, हे नकाशावर नसतं. भराव टाकून रस्ता केला आणि उघाडी बुजली तर मागची शेती खारी होते. खाडीपुलाला सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते. कांदळवन तोडायचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाचीही परवानगी घ्यावी लागते. हे सगळं डीपीआरच्या वेळी धरलं नाही तर काम मध्येच अडकतं.

काम अडकतं ते कुठे?

मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि एक दशक उलटलं तरी संपलं नाही. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी, ठेकेदाराची आर्थिक अडचण अशी कारणं वेळोवेळी पुढे आली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुदळ मारण्याआधी मिटवायच्या असतात. जमीन ताब्यात नसताना काम सुरू केलं की इथे तुकडा, तिथे तुकडा होतो. ठेकेदार म्हणतो जागा द्या, खातं म्हणतं काम करा, आणि गणपतीला गावी येणारा चाकरमानी खड्ड्यातून येतो.

चिपळूणला १६ ऑक्टोबर २०२३ ला याच महामार्गावरच्या बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. त्यानंतर तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि खांबांमधलं अंतर कमी करून रचना बदलावी लागली. कागदावर एक रेघ पुसून दुसरी काढायला फार खर्च येत नाही. उभ्या पुलावर तीच दुरुस्ती कोट्यवधीची होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही जाहीर कार्यक्रमांत चुकीचे डीपीआर हे अपघातांचं एक मोठं कारण असल्याचं बोलून दाखवलंय.

गावाने काय करायचं?

सर्व्हे चालू असताना
- आलेल्या माणसांना कोणत्या खात्याने, कोणत्या कामासाठी पाठवलं ते विचारा. कामाचं नाव आणि कंपनीचं नाव लिहून घ्या.
- ग्रामपंचायतीने पुराची खूण, उघाडी, होड्यांची वाट, स्मशानाचा रस्ता, गुरांची वाट यांची यादी करून पत्र द्यावं. एक प्रत सल्लागाराला, एक खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला. पोच घ्याच. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.
- हा विषय ग्रामसभेत घेऊन ठराव करा.

जमिनीची नोटीस निघाली की
- राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यातल्या ३-ए कलमाची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. सातबाऱ्यावरचं नाव, झाडं, विहीर, घर यांची नोंद तेव्हाच तपासा.

काम चालू असताना
- फलक लावलेला आहे का बघा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोष दुरुस्तीचा कालावधी वाचा, फोटो काढून ठेवा. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते.
- काँक्रीट ओतताना सल्लागाराचा अभियंता जागेवर आहे का, हे विचारायला हरकत नाही. मात्र काम चालू असलेल्या जागेत शिरू नका.
- राष्ट्रीय महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

काम झाल्यावर किंवा जुन्या पुलासाठी
- माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा.

अर्जात असं लिहिता येईल :

“……… नदी/खाडीवरील ……… येथील पुलाच्या शेवटच्या तपासणी अहवालाची व स्ट्रक्चरल ऑडिट अहवालाची प्रत, पाण्याखालील पायाच्या तपासणीची तारीख व नोंद, अहवालात सुचवलेल्या दुरुस्त्या व त्यांपैकी पूर्ण झालेल्या दुरुस्त्यांची यादी मिळावी.”

राज्यमार्गावरच्या पुलासाठी हा अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

पावसाळ्यात धोका दिसला तर

पुलाचा कठडा वाकलेला, रस्त्याला अचानक खळगा, जोडाजवळ मोठी फट, किंवा खांब कललेला दिसला तर आधी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवा, मग ११२ ला फोन करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. व्हिडिओ नंतर. पाणी पुलावरून वाहत असेल तर “मला वाट माहिती आहे” म्हणून गाडी घालू नका. पाण्याखाली पूल आहे की नाही, हे वरून कळत नाही. सावित्रीवर त्या रात्री आलेल्या चालकांनाही पुढे पूल आहे असंच वाटलं होतं.

लक्षात ठेवा

पुलासाठी पैसा सरकार देतं, आराखडा सल्लागार करतो, काम ठेकेदार करतो. पण त्यावरून रोज जाणार आपण, आपली पोरं, आपली एसटी. पुढच्या वेळी मोरीच्या कठड्यावर लाल आकडे दिसले, तर ग्रामपंचायतीत जाऊन पहिला प्रश्न विचारा : पाणी कुठवर येतं, हे त्यांना कोणी सांगितलं का?